सप्लाय हाय, पिशवी रिकामी

खोलीत आले की चाचा आधी दाराशी चपला काढायचे, मग शर्टाच्या खिशातून टेस्टर काढून माझ्या कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला टेकवायचे, आणि टेस्टरच्या पोटातला इवलासा दिवा मिणमिणला की म्हणायचे, "सप्लाय हाय. आता बोला, म्याडम."

समोर स्क्रीन लखलखत असायचा. डोक्यावर पंखा गरगरत असायचा. सप्लाय आहे हे दारातून जाणाऱ्या शेळीलाही कळलं असतं. एकदा मी न राहवून विचारलं, "चाचा, स्क्रीन दिसतोय की. टेस्टर कशाला?"

"दिसतंय म्हणून हाय, असं कुणी सांगितलं तुमाला?" ते म्हणाले. "चाळीस साल मोटारी भरल्या मी. दिसतं समद्यांनाच. टेस्टर लावून बघणारा एखादाच."

खरं तर त्या डब्याला टेस्टर लावल्यावर दिवा लागायलाच नको होता. आमच्या इमारतीचं अर्थिंग, म्हणजे सुटा करंट जमिनीत नेणारी जोडणी, कधीचं मेलेलं होतं. त्यामुळे डब्यात थोडा करंट उतरायचा आणि चुकून मनगट टेकलं की मला मुंग्या यायच्या. मी हात झटकला की चाचा मान हलवून म्हणायचे, "हाय. जरा जास्तच हाय."

गेवराईत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मी चाचा म्हणायचे. नाव होतंच, पण हजेरीपत्रक सोडलं तर ते कुठं वापरात नव्हतं. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. जळालेली तार उपसायची, नवी तार वेढे मोजत गुंडाळायची, म्हणजे मोटार भरायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते रस्त्यानं चालले की लोक नमस्कार करायच्या आधी मोटारीचा आवाज काढून दाखवायचे. "मिस्त्री, घुंईऽ घुंईऽ करती. कावून?" चाचा न थांबता "बेअरिंग" एवढंच म्हणून पुढं जायचे. तुमच्या गावातही असा एखादा माणूस असेल, ज्याच्याशी लोक फक्त बिघाडाबद्दल बोलतात.

पुढं डोळे अधू झाले. माणसं दिसायची, पण केसासारखी तार दिसेना. तेव्हा दुकान बंद करून ते आमच्या संस्थेत इन्व्हर्टर आणि जनरेटर सांभाळायला आले. इन्व्हर्टर माझ्या खोलीत होता, म्हणून चाचाही माझ्या खोलीत होते. आमची ओळख ती अशी.

मी अंबाजोगाईची. कॉलेज संपवून पहिल्याच नोकरीवर आले होते, तीही सहा महिन्यांच्या कच्च्या बोलीवर. घरून निघताना वडील म्हणाले होते, "टिकलीस तर ठीक. नाही टिकलीस तर परत ये, दोन स्थळं बघून ठेवलीत." त्या दोघांपैकी एकाला मी पाहिलं होतं. त्यामुळे नोकरी टिकवणं मला फारच गरजेचं वाटत होतं.

संस्थेचं काम शेळ्यामेंढ्यांना लस टोचायचं. लसीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. शेळीवाले वेळेवर आले नाहीत तर ती फेकून द्यायची. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर निरोप जायला हवा, कधी यायचं आणि कुठं यायचं. ते काम माझ्याकडं होतं. मी त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक दिलेल्या सूचना. मला तिचा फार अभिमान होता. पहिल्या दिवशी तिनं तालुकाभर जो निरोप पाठवला तो असा:

"नमस्कार. आपल्या शेळ्यांना    रोजी    येथे लस देण्यात येईल. वेळेवर यावे."

पहिला फोन तलवाड्याहून एका मामांचा आला. "ताई, कधी आन् कुठं तेवढं सोडून समदं लिवलंय बघा."

दुसऱ्यांनी तर शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांच्या आवाजातच फोन केला. "आमी निघालोय शेरडं घिऊन. कुठं चाललोय तेवढं सांगा."

त्या दिवशी लस वाया गेली. साहेबांनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, सगळ्यांसमोर मला सांगितलं, "मॅडम, पुढचा निरोप चुकला तर बॅग उचला आणि अंबाजोगाईची एसटी धरा." मला एसटी दिसली, आणि एसटीच्या दुसऱ्या टोकाला ते स्थळही दिसलं.

आता घोळ काय होता ते सांगते. स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल असतात. त्यात माहिती भरून ठेवायची आणि लागेल तिथं काढायची. चाचांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पिशवी ठेवून टाकलं होतं. मी दोन पिशव्या केल्या होत्या, एक दिवसाची, एक ठिकाणाची. त्या लोकल पिशव्या, म्हणजे ज्या कामापुरत्या काढल्या त्याच कामापुरत्या चालणाऱ्या. वेळापत्रकातून गावाची ओळ शोधायची, दिवस या पिशवीत, ठिकाण त्या पिशवीत, आणि मग निरोप लिहायचा. पण निरोप लिहायची वेळ आली की दोन्ही पिशव्या रिकाम्या. बरं, कॉम्प्युटर तक्रारही करत नव्हता. रिकामी पिशवी त्याला चूक वाटतच नाही. तो रिकामी जागा छापतो आणि पुढं जातो.

दोन दिवस मी उपाय केले. पिशव्यांची नावं बदलली. सगळी स्क्रिप्ट पुन्हा टाइप केली. वेळापत्रकाची फाइल नवी केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दोनदा. उदबत्ती ओवाळायची तेवढी राहिली होती. चाचा इन्व्हर्टरच्या शेजारी स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डोकं धरून बसले तेव्हा ते उठून आले, टेस्टर डब्याला टेकवला, "सप्लाय हाय" म्हणाले, आणि मग विचारलं, "तुमी मोटार पुरी खोलून पुन्ना जोडताय, पुन्ना खोलताय. कुठं तुटलंय ते बघितलं का?"

"कसं बघणार चाचा? आत दिसत नाही ना."

"मोटारीत तरी कुठं दिसतं? टेस्टर लावत लावत जायचं. हितं हाय का? हाय. हितं हाय का? हाय. जिथं न्हाई म्हणंल, त्याच्या मागंच तुटलंय."

सांगायला लाज वाटते, पण कॉलेजात हेच शिकवलं होतं. जागोजागी एकेक ओळ टाकायची, जी पिशवीत काय आहे ते छापून दाखवते. मी त्या ओळींना एक, दोन, तीन असे नंबर देऊ लागले तर चाचांना ते पटेना. "आकड्यात गोंधळ हुतो. गावाची नावं द्या. गाव माणूस इसरत न्हाई." म्हणून लूपच्या आतल्या, म्हणजे वेळापत्रकाच्या ओळी एकेक करून वाचणाऱ्या भागातल्या, टेस्टरचं नाव ठेवलं तलवाडा. लूप संपल्यावरच्या टेस्टरचं नाव उमापूर. स्क्रिप्ट चालवली.

"तलवाडा. पिशवी भरलेली."

"उमापूर. पिशवी रिकामी."

चाचांनी स्क्रीनला नाक लावलं. इंग्रजी त्यांना मोटारीवरच्या नावाच्या पत्र्यापुरतंच येत होतं, पण आमच्या टेस्टरच्या ओळी मराठीत होत्या. "तलवाड्यात भरली, उमापुरात रिकामी. मधी काय हाय?"

"मध्ये लूप संपतो."

"आन् सुरू कशानं हुतो?"

"या उभ्या रेषेनं. याला पाईप म्हणतात. वेळापत्रकातली ओळ यातून लूपकडं जाते."

चाचांनी त्या उभ्या रेषेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पायपाच्या पल्याड काम करणारा तुमचाच माणूस हाय, का दुसरा?"

हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं, पाच मार्कांसाठी, आणि बाहेर येताच विसरले होते. पाईपच्या पलीकडं कॉम्प्युटर वेगळाच कारभारी बसवतो. त्याला आपल्या सगळ्या पिशव्यांची नक्कल मिळते. तो आपली नक्कल भरतो, काम संपलं की ती घेऊन निघून जातो, आणि आपली मूळ पिशवी होती तशी रिकामीच राहते. मी चाचांना हे असंच सांगितलं.

"म्हंजे येगळा निघालेला भाऊ," चाचा म्हणाले. "तवा तसाच, पिठाचा डबा तसाच, समद्या वस्तूंची नावंबी तीच. पर तिकडं शिजलं ते इकडच्या ताटात येत न्हाई."

हे बोलताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. त्यांचा स्वतःचा भाऊ भिंतीपलीकडं राहतो आणि दोघांचं बोलणं नाही, हे मला पुढं कळलं.

मी पाईप काढून टाकला. वेळापत्रक लूपच्या शेवटी जोडलं, म्हणजे लूप आपल्याच घरात चालला. तलवाडा, पिशवी भरलेली. उमापूर, पिशवी भरलेली! मी खुर्चीतून उडालेच. चाचांनी टेस्टर खिशात ठेवला आणि म्हणाले, "आता आतले टेस्टर काढून घ्या, बेटा. मोटारीत राह्यले तर शॉर्ट हुईल."

"हो चाचा," मी म्हणाले, आणि आनंदाच्या भरात आधी वडिलांना फोन लावला. मग निरोप पाठवून दिले. मध्ये एक काम राहिलं होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

सोमवारी उमापूरच्या आसपासच्या लहान लहान वस्त्यांवर लस होती. प्रत्येक वस्तीच्या शाळेपाशी डॉक्टर जाणार होते. सकाळी नऊच्या सुमाराला त्यांचाच फोन आला. "मॅडम, मी शाळेपाशी एकटाच उभा आहे. इथं फक्त एक कुत्रं आहे. त्याला टोचू का?"

मी घाईघाईनं पाठवलेला निरोप काढून बघितला.

"तलवाडा. पिशवी भरलेली. उमापूर. पिशवी भरलेली. नमस्कार. आपल्या शेळ्यांना सोमवारी शाळेपाशी लस देण्यात येईल. वेळेवर यावे."

शाळेपाशी लस हे कुणी वाचलंच नव्हतं. तलवाड्यात पेंडीच्या भरलेल्या पिशव्या वाटून झाल्या, आता उमापुरात वाटतायत, असा सगळ्यांनी अर्थ लावला होता. ज्यांना निरोप गेला होता ते आले, त्यांनी ज्यांना सांगितलं ते आले. साहेब, चाचा आणि मी जीपनं उमापुरात पोचलो तर रस्त्यावर डांबर दिसत नव्हतं, नुसत्या शेळ्या. एक बोकड चहाच्या टपरीच्या बाकावर उभा होता. एका मावशींनी जीपचं दार उघडून साहेबांनाच विचारलं, "पिशवी तुमच्याकडंच हाय न्हवं?"

साहेबांनी दार ओढून घेतलं. गर्दीचा आवाज चढत चालला होता. पिशवी नाही म्हटल्यावर काय होईल याचा मी विचार करत होते, तेवढ्यात चाचा खाली उतरले आणि एका बैलगाडीवर चढले.

"पिशवी-बिशवी काय न्हाई," त्यांनी ओरडून सांगितलं. "गलती झाली. मशीनमधी आमचा टेस्टर राह्यला. माफी करा. पर एवढ्या लांबनं आलाय तर रिकामं कावून जाता? डॉक्टर येतायत. शेरडाला सुई टोचून जा, पुढं सालभर तरास न्हाई."

"मिस्त्री, खरं का?" कुणीतरी विचारलं.

"तुझी मोटार भरली तवा खोटं बोललो हुतो का?"

लोक हसले, आणि थांबले. तिथल्या कितीकांच्या मोटारी त्या माणसानं भरलेल्या होत्या. डॉक्टर वस्तीवरून धावत आले. बाटल्या संपल्या, गेवराईहून दुसरी पेटी मागवावी लागली. एरवी सुई म्हटलं की शेळ्या झाडीत लपवणारेही त्या दिवशी रांगेत होते. एवढी लस आम्ही आधी एका दिवसात कधीच टोचली नव्हती.

पण साहेब ते विसरायला तयार नव्हते. गर्दी जरा पांगल्यावर त्यांनी जीपच्या बॉनेटवर हात आपटला. "कुणाची ही अक्कल? तलवाडा काय, उमापूर काय. कुणी घातल्या त्या ओळी?"

बॅग, एसटी, ते स्थळ, सगळं ओळीनं डोळ्यांसमोर आलं.

"मी, साहेब," चाचा म्हणाले. "म्याडमनी काढून टाक म्हणून सांगितलतं. मीच इसरलो."

नेमकं उलटं. आणि मी गप्प बसले. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

साहेबांनी हुकूम सोडला, मिस्त्रींनी उद्यापासून कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. जनरेटरच्या पत्र्याखाली बसायचं. परत निघताना चाचा पुढं साहेबांच्या शेजारी बसले. मी डॉक्टरांच्या गाडीतून आले, खिडकीकडं तोंड करून.

तर असं चाचांचं स्टूल बाहेर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या गजांवर टकटक झालं. टेस्टर होता. "म्याडम, सप्लाय हाय का?"

मी डब्याला मनगट टेकवलं. "हाय चाचा. मुंग्या आल्या."

त्यांना ते आवडलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या खिडकीखाली खणायला सुरुवात केली. रोज थोडं थोडं. कंबरेइतका खड्डा झाला, मग छातीइतका. मी वरून विचारलं, "चाचा, काय करताय?"

"हितं रिकामं बसून काय करू? पिशवीवानी?"

खड्ड्यात त्यांनी तांब्याची पट्टी सोडली, कोळसा आणि मीठ थरावर थर घातलं, पाणी ओतायला एक लोखंडी पाईप उभा केला आणि माती लोटून दिली. तार भिंतीवरून माझ्या खोलीत आली. ती जोडताना त्यांनी पाय उंबऱ्याबाहेर ठेवले आणि कमरेतून आत वाकले. साहेबांनी पाय ठेवायचा नाही एवढंच सांगितलं होतं. त्या दिवसापासून डब्याच्या मुंग्या गेल्या. पुढं रोज सकाळी ते एक तांब्या पाणी त्या पाईपात ओतायचे. जमीन कोरडी पडली की अर्थिंग मरतं, म्हणायचे.

माझी नोकरी पक्की झाली. पिशव्या पुढंही रिकाम्या निघत राहिल्या, कधी या कारणानं, कधी त्या. मी खिडकीतून हाक मारायचे, "चाचा, रिकामी!" खालून उत्तर यायचं, "तलवाडा लावा." आणि थोड्या वेळानं, "काढला का? काढा पयला!" एकदा धीर करून मी गजांना धरून म्हणाले, "चाचा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"मंग दोघंबी भाईर बसलो असतो," ते म्हणाले. "आत सप्लाय कुणी बघितला असता?" आणि तांब्या घेऊन नळाकडं गेले.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या घरी गेले तेव्हा भिंतीपलीकडचा तो भाऊ अंगणात बसलेला होता, तोंड हुबेहूब चाचांचं. मी कोण हे कळल्यावर त्यानं आत जाऊन टेस्टर आणून दिला. "तुमच्याबद्दल लई बोलायचा म्हणतात घरातले," तो म्हणाला. "मला तर काय म्हाईतच न्हाई." मग तो रडायला लागला.

संस्थेत शोकसभा झाली. साहेब बोलायला उठले. मिस्त्री किती चोख होते, किती वक्तशीर होते, आणि मग म्हणाले, "एक उमापूर सोडलं, तर त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही."

मी उभी राहिले. "साहेब, उमापूर माझं होतं. त्यांनी मला काढायला सांगितलं होतं. मीच विसरले. मी तेव्हा गप्प बसले."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "बसा मॅडम," ते म्हणाले. "मला त्याच दिवशी माहीत होतं. मिस्त्रींना कीबोर्डवर स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर सापडत नव्हतं. ते ओळी कुठून लिहिणार? जीपमध्ये मी तसं म्हणालो, तर म्हणाले, साहेब, कुणाला तरी भाईर काढायचंच असंल तर मला काढा. पोरीच्या हाताला करंट लागतो, मला तसंबी भाईर खणायचं काम हाय. आणि तिला कधी सांगू नका. मी शब्द दिला होता, म्हणून आजही तसंच बोललो."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग डॉक्टर हसले, मग सगळेच. मी रडत होते, आणि मलाही हसू आवरत नव्हतं.

आता खोलीत आले की मी दाराशी चपला काढते आणि चाचांचा टेस्टर डब्याला टेकवते. दिवा लागत नाही, आणि लागायलाही नको. मग तांब्या भरून खिडकीखाली जाते, त्या पाईपात पाणी ओतते, आणि वर येऊन कामाला बसते.